सभापतींची रिकामी खुर्ची
पॅलेस्टिनी अध्यक्षपदाच्या वारशाचा घटनात्मक पेच

यासर अराफत यांचे ११ नोव्हेंबर २००४ रोजी फ्रान्समध्ये निधन झाले. त्याच दिवशी रामल्ला येथे कायदेमंडळाचे सभापती रावही फत्तूह यांनी हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली. पॅलेस्टिनी मूलभूत कायद्याच्या ३७व्या कलमातच तशी तरतूद होती. अध्यक्षांचे निधन झाले, त्यांचा राजीनामा मंजूर झाला किंवा ते कायद्याने अक्षम ठरले, तर सभापतींनी जास्तीत जास्त ६० दिवस कारभार पाहावा आणि तेवढ्या अवधीत थेट निवडणूक घ्यावी, असे हे कलम सांगते. त्याप्रमाणे ९ जानेवारी २००५ रोजी मतदान होऊन महमूद अब्बास निवडून आले. चार दशके एका व्यक्तीभोवती फिरलेल्या चळवळीतील सत्तांतर कायद्याच्या चौकटीत पार पडले.

वीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अध्यक्षपद रिकामे झाल्यास तात्पुरता कारभार कोणी पाहावा, याचे उत्तर अब्बास यांनी एका घटनात्मक घोषणेद्वारे दिले. उत्तर पुन्हा रावही फत्तूह हेच होते. मात्र सभापती म्हणून नव्हे, तर पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून. मुदतही ६० ऐवजी ९० दिवसांची झाली. व्यक्ती तीच, जबाबदारीही तीच; बदलला तो अधिकाराचा उगम. जे पूर्वी निर्वाचित सभागृहाने केलेल्या कायद्यातून मिळाले होते, ते आता अध्यक्षांच्या स्वाक्षरीतून मिळाले. ही व्यवस्थाही वर्षभर टिकली नाही. एप्रिल २०२५ मध्ये मुक्ती संघटनेच्या मध्यवर्ती परिषदेने उपाध्यक्षपद निर्माण केले, त्यावर हुसेन अल-शेख यांची नियुक्ती झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरी घोषणा काढून हंगामी अध्यक्षपदाचा मान त्यांना देण्यात आला.

म्हणूनच ‘अब्बास यांच्यानंतर कोण?’ हा राजनैतिक वर्तुळातील आवडता प्रश्न काहीसा वरवरचा ठरतो. मूळ प्रश्न, वारसाहक्काचा नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे. मूलभूत कायद्याचे १२०वे कलम त्याबाबत संदिग्ध नाही. दुरुस्तीसाठी कायदेमंडळाच्या दोनतृतीयांश सदस्यांची संमती आवश्यक आहे. २००३ मध्ये पंतप्रधानपद निर्माण करताना आणि २००५ मध्ये अध्यक्षांची मुदत चार वर्षे व कमाल दोन कार्यकाळ अशी ठरवताना हाच मार्ग अनुसरला गेला होता.

हा मार्ग बंद कसा झाला, हे समजण्यासाठी २००६ कडे वळावे लागते. त्या वर्षी जानेवारीतील निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा ‘हमास’ने जिंकल्या आणि त्या पक्षाचे अझीझ द्वेक सभापती झाले. पुढे इस्रायलने द्वेक यांच्यासह ‘हमास’च्या अनेक सदस्यांना अटक केली. जून २००७ मध्ये ‘हमास’ने गाझाचा ताबा घेतला, अब्बास यांनी आणीबाणी पुकारून इस्माईल हनिये यांना पंतप्रधानपदावरून दूर केले आणि सलाम फय्याद यांना नेमले. मूलभूत कायद्याप्रमाणे आणीबाणी ३० दिवसांची असते. ती वाढवायची तर कायदेमंडळाच्या दोनतृतीयांश सदस्यांची मान्यता लागते. सभागृहाचे कामकाजच होत नव्हते, तेव्हा मान्यता देणार कोण?

तेव्हापासून कारभार प्रामुख्याने ४३व्या कलमावर चालला आहे. कायदेमंडळाचे अधिवेशन नसताना, विलंब परवडणार नाही अशा प्रसंगी, अध्यक्षांना कायद्याचे बळ असलेला हुकूम काढता येतो. तो पुढच्या पहिल्या बैठकीत सभागृहापुढे ठेवावा लागतो. दिल्लीतील वाचकाला यात आपल्या १२३व्या अनुच्छेदाची, म्हणजे वटहुकमाची, आठवण होईल. फरक एवढाच की, आपल्याकडे संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत वटहुकमाची मुदत संपते. रामल्लात ती बैठकच भरली नाही. त्यामुळे अपवाद हाच नियम झाला.

मुदतीचा वादही याच पोकळीतून उद्भवला. चार वर्षांच्या हिशेबाने अब्बास यांचा कार्यकाळ जानेवारी २००९ मध्ये संपला, तेव्हा सभापती द्वेक हेच हंगामी अध्यक्ष ठरतात, असा ‘हमास’चा दावा होता. अध्यक्षीय व कायदेमंडळाच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात असे २००५चा निवडणूक कायदा सांगतो, सबब मुदत वर्षभराने वाढते, हा ‘फताह’चा प्रतिवाद. ते वर्ष संपण्यापूर्वी मुक्ती संघटनेच्या मध्यवर्ती परिषदेने निवडणुका होईपर्यंत मुदतवाढ दिली. २०१६ मध्ये अब्बास यांनी घटनात्मक न्यायालय स्थापन केले; त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये कायदेमंडळ विसर्जित ठरवून सहा महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. त्या झाल्या नाहीत. २०२१ मध्ये तारखाही जाहीर झाल्या. परंतु पूर्व जेरुसलेममधील मतदानाची हमी नसल्याचे कारण देऊन त्या एप्रिलअखेरीस पुढे ढकलण्यात आल्या.

रामल्लाचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ आहे, असे नाही. सभागृह नाही, सभापती नाही. मग ३७वे कलम अमलात आणायचे कसे? प्राधिकरणाला जन्म मुक्ती संघटनेनेच दिला. तेव्हा पोकळी भरण्याचा अधिकार मातृसंस्थेचा, असे समर्थक म्हणतात. विरोधकांचे उत्तर असे की, सभागृह नाहीसे करण्यात ज्यांचा हात होता, त्यांनाच त्याच्या अनुपस्थितीचा लाभ घेता येणार नाही. शिवाय ‘हमास’ मुक्ती संघटनेचा घटक नाही. तेव्हा तिच्या परिषदेचा ठराव हा सर्व पॅलेस्टिनींचा कौल मानणे कठीण आहे.

भारतातही १९६९ मध्ये असा पेच उभा राहिला होता. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर उपराष्ट्रपती गिरी कारभार पाहत होते आणि तेही राजीनामा देतील, तर पुढे कोण, याचे उत्तर राज्यघटनेत नव्हते. संसदेने त्याच मे महिन्यात कायदा केला आणि जुलैमध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सूत्रे हाती घेतली. उणीव तिथेही होती; ती भरून काढणारे सभागृह मात्र जागेवर होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अब्बास नव्वद वर्षांचे झाले. उद्याचा हंगामी अध्यक्ष सुरक्षा दलांना आदेश देईल, गाझाच्या पुनर्बांधणीच्या करारांवर सही करील, कदाचित इस्रायलशी वाटाघाटीही करील. त्या प्रत्येक सहीच्या वैधतेला प्रतिस्पर्धी आव्हान देऊ शकतील, आणि निवाडा मागायचा तर तो वादग्रस्त न्यायालयातच. १९८८ मध्ये पॅलेस्टिनी राष्ट्राची घोषणा झाली आणि भारताने त्याला तत्काळ मान्यता दिली. त्या वर्षानंतर जन्मलेल्या एकाही पॅलेस्टिनीला २००६ मध्ये कायदेमंडळासाठी मत देता आले नव्हते. ९० दिवसांत निवडणूक घेण्याचे वचन घोषणेत आहे. ते पाळले गेले, तरच या पिढीला आपला अध्यक्ष निवडता येईल.