अकरावी सायन्स : गणित की जीवशास्त्र?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते, पुढे काय? पिंपरी, नेहरूनगर, दापोडी, भोसरी, देहूरोडपासून थेट चाकणपर्यंत आपल्या कामगार बांधवांच्या घरांतली मुले-मुली आता मोठ्या संख्येने सायन्सला जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सायन्सला नाव घातले म्हणजे निर्णय झाला, अशी आपल्या पालकांची समजूत असते. तसे नाही. खरा निर्णय त्यानंतरचा आहे, आणि तोच कॉलेजच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहून दोन मिनिटांत उरकला जातो. फॉर्मवर विषयांचे रकाने असतात. पुढचा मुलगा जे लिहितो तेच मागचा लिहितो.

हे विषय कोणते, ते आधी नीट पाहू. इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जवळपास सर्वांनाच असतात. त्यांच्या जोडीला गणित घ्यायचे, जीवशास्त्र घ्यायचे की दोन्ही, हा खरा प्रश्न. मुले यालाच पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी म्हणतात. याशिवाय एखादी दुसरी भाषा किंवा माहिती तंत्रज्ञान असतो. किंवा दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्या जागी दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स हे त्यांतले आपल्याकडे जास्त चालणारे.

आता होते काय, ते सांगतो. आम्ही काही कार्यकर्ते जून महिन्यात रविवारी विहारात फॉर्म भरून द्यायला बसतो. भोसरीला प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका बांधवाची मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली होती. दहावीला टक्के उत्तम, गणितात मात्र थोडे कमी. नातेवाइकांनी सल्ला दिला, गणित सोड, बारावीला टक्के पडतील. तिने गणित सोडून जीवशास्त्र घेतले. बारावीत असताना तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हावेसे वाटू लागले. हुशार मुलगी, पण करणार काय? इंजिनिअरिंगच्या सीईटीला गणिताची अख्खी प्रश्नपत्रिका असते. ती मुलगी पुढे बी.एस्सी. झाली, चांगली झाली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या सल्ल्याबद्दल. तो सल्ला चुकीच्या हिशेबावर उभा होता.

हिशेब असा आहे. राज्याची एमएचटी-सीईटी ही परीक्षा पीसीएम गटासाठी २०० गुणांची असते. त्यांतले १०० गुण एकट्या गणिताचे, उरलेले १०० भौतिक आणि रसायनशास्त्राचे. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी या सीईटीच्या गुणांवर लागते. बारावीचे टक्के लागतात ते केवळ पात्रतेपुरते : ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. म्हणजे ज्या मुलाला इंजिनिअरिंगकडे जायचे आहे त्याने बारावीचे टक्के वाचवण्यासाठी गणित सोडणे, म्हणजे एस.टी.चे भाडे वाचवावे म्हणून इंटरव्ह्यूलाच न जाणे! गणितात बारावीला पंचावन्न पडले तरी इंजिनिअरिंगची वाट बंद होत नाही. गणित घेतलेच नाही तर मात्र होते.

आणखी एक. याच सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. आपल्याकडे अकरावी हे आरामाचे वर्ष मानण्याची जी पद्धत पडली आहे, तिने किती मुलांचे नुकसान केले असेल ते मोजता यायचे नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला किंवा जिला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व्हायचे आहे त्यांना जीवशास्त्राशिवाय गत्यंतर नाही. त्यांची नीट परीक्षा ७२० गुणांची, ती मराठीतूनही देता येते. बी.फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक चालते. आर्किटेक्ट व्हायचे असेल, किंवा एनडीएतून हवाई दलात वा नौदलात जायचे असेल, तर गणित हवेच. म्हणून मुलाला आधी विचारावे, तुला काय नको आहे? रक्त पाहून ज्याला घेरी येते त्याच्यावर केवळ शेजारच्याचा मुलगा मेडिकलला गेला म्हणून जीवशास्त्र लादू नये.

दोन्ही विषय घ्यावेत का? दारे दोन्ही उघडी राहतात हे खरे. पण दोन्हींचे प्रॅक्टिकल, दोन्हींचे क्लास, आणि घरात एकच खोली, वडील नाईट शिफ्ट करून दिवसा झोपलेले, अशा परिस्थितीत हे ओझे सगळ्यांना पेलत नाही. आमच्या मते ज्याचा कल खरोखरच ठरलेला नाही त्याने अकरावीला दोन्ही घ्यावेत आणि सहामाहीच्या सुमारास घरच्यांनी मुलाबरोबर बसून पुन्हा विचार करावा. विषय बदलायची मुदत कोणती, हे मात्र प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजात विचारून ठेवावे.

बायफोकलबद्दल आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. कुणी म्हणतात ते कच्च्या मुलांचे. अजिबात नाही. इलेक्ट्रॉनिक्सचे शंभराचे दोन पेपर, प्रत्येकात ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. ज्याचे हात चालतात, जो घरचा बंद पडलेला मिक्सर उघडून बसतो, त्याला हा विषय आवडतो आणि गुणही मिळतात. या पट्ट्यात राहणाऱ्या मुलाला पुढे त्याचा उपयोगही आहे, कारण आता चाकणच्या कारखान्यांत मशीन सेन्सरवर आणि प्रोग्रॅमवर चालते. गणित कायम राहते म्हणून इंजिनिअरिंगची वाट शाबूत. मात्र बहुधा जीवशास्त्र सुटते, म्हणजे मेडिकलचा विचार सोडावा लागतो. अनेक ठिकाणी बायफोकलची फी वेगळी असते, ती आधी विचारावी. (मराठीही सुटते, याचे आम्हाला वाईट वाटते, पण तो वेगळा विषय आहे.)

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीचा पहिला धक्का भाषेचा बसतो. फोर्स, व्हेलॉसिटी, डेरिव्हेटिव्ह असे शब्द एकदम अंगावर येतात आणि मूल म्हणते, मला सायन्स जमत नाही. जमत नसते ते इंग्रजी, सायन्स नव्हे. पहिले तीन महिने मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द लिहिलेली वही करून घ्यावी. वस्तीतल्या थोरल्या मुलांनी यात धाकट्यांना हात द्यावा.

विषय निवडण्याची मोकळीक ही काही लहान गोष्ट नव्हे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही, फारसी घ्यावे लागले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते असे. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवले. आज आपल्या मुलाला गणित घेऊ नकोस असे सांगणारा कुणी मास्तर दारात उभा नाही. आपणच सांगतो.

सायन्सशिवाय वाटा नाहीत असेही कुणी समजू नये. ज्या घराला तीन वर्षांत पगार हवा आहे त्या घरच्या मुलाने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला तर ओढूनताणून केलेल्या बारावीपेक्षा तो बरा, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आम्ही स्वतः कॉमर्सचे. तिथेही गणित आणि संख्याशास्त्र घ्यायचे की चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो आणि पोरे दुसऱ्यावर उड्या टाकतात. सी.ए.च्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत गणित-संख्याशास्त्राचा पेपर असतो, हे त्यांना तिथे गेल्यावर कळते.

अकरावीचे प्रवेश आपल्याकडे बरीच वर्षे ऑनलाइन होत आले आहेत. २०२५ पासून साऱ्या राज्यात तीच पद्धत झाली. त्या फॉर्मवर आपण कॉलेज आणि शाखा निवडतो. म्हणून पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी त्या त्या कॉलेजात जाऊन हवे ते विषय तिथे शिकवतात का, याची चौकशी करावी. अनुसूचित जातींना १३ टक्के जागा राखीव असतात. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर गुण असतील तर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज अकरावीतच महाडीबीटीवर करावा. महिना ३०० रुपये, दहा महिने. रक्कम मोठी नाही, पण वह्या-पुस्तकांना हातभार लागतो.

आता जात पडताळणी. पुढे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागते आणि अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना त्याचा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, अकोला अशा जिल्ह्यांत आहेत आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा दाखला. गेलेच नसतील, आणि पुष्कळांचे गेलेच नव्हते, तर जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींची, कोतवाल बुकाची नक्कल तहसील कचेरीतून काढावी लागते. जुने कागद जीर्ण झालेले असतात, मोडी असेल तर वाचून घ्यावे लागते, दोन-तीन खेपा होतात. तेव्हा मे महिन्यात लग्नकार्याला गावी जाल तेव्हा एक दिवस तालुक्याला राखून ठेवा.