पडद्यावरचे विमानतळ

(द्वितीय वर्ष, कला)

विमान उडविण्याचा अनुभव घरबसल्या देणारा संगणकावरील खेळ म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. त्यातील विमानाकडे सर्वांचेच लक्ष जाते. परंतु ते ज्या भूमीवरून उडते ती कोण घडवतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. या भूमीला ‘सीनरी’ म्हणतात. मूळ खेळातील सीनरी पुष्कळदा ठोकळेबाज असते. म्हणून अनेक हौशी मंडळी आपल्या शहराची सीनरी स्वतः तयार करतात.

ती कशी तयार होते? प्रथम पाया. उपग्रहाने टिपलेले छायाचित्र अक्षांश-रेखांशांवर अचूक बसवायचे व जमिनीचे चढउतार द्यायचे. मग धावपट्टी आखायची. तिचा क्रमांक मनाने देता येत नाही. होकायंत्रावरील दिशेच्या अंशांना दहाने भागून तो ठरतो. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. म्हणून तिच्या एका टोकाला ०९ व दुसऱ्या टोकाला २७ हा क्रमांक आहे.

त्यानंतर इमारती. पुठ्ठ्याच्या खोक्यावर रंगीत कागद चिकटवावा, तशी साध्या आकृतीवर भिंतींची छायाचित्रे चिकटवतात. प्रत्येक खिडकी कोरून काढीत नाहीत. कारण ती सारी आकृती संगणकाला दर सेकंदाला अनेकदा नव्याने रेखाटावी लागते. ओझे वाढले की दृश्य अडखळते. रात्रीसाठी उजळलेल्या खिडक्यांचे निराळे चित्र लागते.

खरी कसोटी पुढेच आहे. काय दाखवायचे आणि काय वगळायचे? मुंबईत २७ क्रमांकावर उतरणारे विमान घाटकोपर-कुर्ल्याकडील दाट वस्तीवरून येते. संगणक आपोआप पेरतो ती घरे ठरावीक साच्यातली. पत्र्याची छपरे आणि त्यांवरील निळे प्लॅस्टिक कोणीतरी मुद्दाम मांडावे लागते. ते नसले तरी विमान सुखरूप उतरते. पण मग ती मुंबई राहत नाही.

शिकागोच्या मेग्ज फील्डचे उदाहरण तर विलक्षण आहे. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ सालच्या सिम्युलेटरपासून अनेक वर्षे उड्डाणाचा आरंभ याच विमानतळावरून होत असे. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझरनी त्याची धावपट्टी उखडली. आज तेथे उद्यान आहे. तरीही हौशी मंडळींनी घडविलेल्या सीनरीत मेग्ज फील्ड शाबूत असून तेथून विमाने उडतात.

आमच्या घरातील कोणी अजून विमानात बसलेले नाही. तरीही मला या कलेचे अगत्य वाटते. तिला गणित लागते, तसाच भूगोल व इतिहासही लागतो. आणि हे विषय तर आपण कलाशाखेचे विद्यार्थी रोजच अभ्यासतो. मग आपल्या गावाची नोंद दुसऱ्या कोणी करील, याची वाट का पाहावी?