मोजणी टायमरवर सोपवा

अर्डुइनो उनो हाती आला की बहुतेकांचा पहिला प्रोग्राम ठरलेला असतो: दिवा सेकंदभर लावायचा, सेकंदभर विझवायचा. त्यासाठी ‘डिले’ वापरतात. दिवा मिचकतो खरा, पण त्या सेकंदात प्रोग्राम जागचा हलत नाही. मध्येच कुणी बटण दाबून सोडलं, तर ते त्याच्या गावीही नसतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी खिळून राहावं, तशी ही गत.

उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये तीन टायमर आहेत: दोन ८ बिटी, एक १६ बिटी. प्रोसेसर कशातही गुंतलेला असो, टायमरची मोजणी चालूच राहते. ठरलेला आकडा गाठला की टायमर प्रोसेसरला अडवतो. प्रोसेसर हातातलं काम कुठवर आलं याची नोंद ठेवतो, एक छोटं फंक्शन उरकतो आणि सोडलेल्या जागी परततो. हाच टायमर इंटरप्ट.

सेकंदभरासाठी हा आकडा काढायचा कसा? चिपच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख, आणि १६ बिटी टायमरची झेप ६५,५३५ पर्यंतच. म्हणून प्रीस्केलरने ठोके भागून घ्यायचे. ६४ ने भागले तर अडीच लाख उरतात, ते मावत नाहीत. २५६ ने भागले तर ६२,५००, हे मावतात. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून रजिस्टरमध्ये लिहायचं ६२,४९९.

इंटरप्टचं फंक्शन आटोपशीर हवं. ते चालू असताना बाकीचे इंटरप्ट ताटकळतात, त्यामुळे तिथे ‘डिले’ची सोय नाही. एखादी खूण नोंदवायची आणि निघायचं. खरं काम मुख्य लूपने करावं.

दुसरी मेख व्हेरिएबलची. ही चिप ८ बिटी, म्हणून १६ बिटी संख्या ती दोन हप्त्यांत वाचते. समजा संख्या २५५ आहे. खालचा बाइट वाचून झाला आणि नेमका तेव्हाच इंटरप्टने ती २५६ केली, तर वरचा बाइट नवा मिळतो आणि हाती येतात ५११! व्हेरिएबल ‘व्होलटाइल’ केल्याने हे टळत नाही. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद ठेवावेच लागतात.

टायमर निवडतानाही जपून. ‘डिले’ आणि ‘मिलिस’ टायमर ० वर विसंबून आहेत. उनोवर सर्व्हो मोटरची लायब्ररी टायमर १ घेते. तेव्हा रजिस्टरला हात लावण्याआधी कोणता टायमर कुणाकडे आहे, ते तपासा.