फाळकेंच्या मुलाने पडद्यावर सोसलं, मुलीने मात्र बदला घेतला

दिग्दर्शकाने आपल्याच पोरांना सिनेमात घेणं, ही आजची गोष्ट नाही. दादासाहेब फाळकेंनी पहिल्याच सिनेमात ते केलं होतं.

1913 चा 'राजा हरिश्चंद्र'. राजाच्या हातून विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न येतं, ऋषी संतापतात. पस्तावलेला राजा त्यांना राज्यच देऊन टाकतो. चूक मोठ्यांची, राग मोठ्यांचा, पण हाल होतात आणि मरण येतं ते लहानग्या रोहिदासालाही. शेवटी तो जिवंत होतो, हा भाग वेगळा. हा रोहिदास म्हणजे फाळकेंचा मुलगा भालचंद्र.

सहा वर्षांनी आलेल्या 'कालिया मर्दन'मध्ये गणित उलटं झालं. कृष्ण झाली फाळकेंची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. (1913 मध्ये बाई मिळेना म्हणून तारामती झाले होते अण्णा साळुंके, आणि इथे मुलगी झाली मुलगा!) एक बाई कृष्णाच्या सवंगड्याच्या तोंडावर पाणी उडवते. पोरं चिडतात आणि तिच्या घरातलं लोणी पळवतात. ती त्यांना चोपते. मग कृष्णाच्या खोड्या वाढतच जातात. रात्री तो एका सावकाराची दाढी आणि त्याच्या बायकोचे केस चक्क एकमेकांना बांधून ठेवतो. गाव तक्रार घेऊन नंदाच्या दारात येतं.

पण पोरगा यमुनेत उडी मारतो आणि सगळं बदलतं. पाण्याखाली कालियाशी झुंज आणि काठावर घाबरलेली माणसं, असं आलटून पालटून दिसतं. संवाद नाहीतच. मघाशी ज्याच्या नावाने ओरड चालली होती, त्याच्याच काळजीने जीव टांगणीला लागलाय, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. इथे माफी मागायची पाळी लेकराची नाही. शरण येतो तो कालिया.

अमेरिकेत ग्रिफिथने 1909 मध्ये 'अ ड्रंकर्ड्स रिफॉर्मेशन'मध्ये तिसरीच वाट काढली होती. दारुडा बाप मुलीला घेऊन नाटकाला जातो, रंगमंचावर आपल्यासारखाच बाप पाहतो आणि शरमतो. मुलगी काही बोलत नाही, फक्त शेजारी बसलेली असते. दर्यापूरलगतच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून दारूवर कोरडे ओढायचे, त्याच जातीचा हा प्रकार.

'कालिया मर्दन'चा बराच भाग आजही शिल्लक आहे. बघायला बसलात तर सुरुवात वगळू नका. गोष्ट सुरू होण्याआधी मंदाकिनी साध्या वेशात, नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते. कृष्ण येतो तो त्यानंतर.