कोणता कुत्रा पाळावा?

माणसाने सर्वांत आधी कोणता प्राणी पाळला? गाय नव्हे आणि घोडाही नव्हे. तो प्राणी म्हणजे कुत्रा. दहा हजारांहून अधिक वर्षे तो माणसाच्या सोबतीने राहत आला आहे. लांडगा हा त्याचा पूर्वज. मराठीत कुत्र्याला 'इमानी प्राणी' म्हणतात. 'इमानी' या शब्दाचा अर्थ तुम्हांला मुद्दाम सांगायला नको. तुमच्या घरात रोज कानांवर पडणाऱ्या शब्दापासूनच तो मराठीत आला आहे.

आज जगात कुत्र्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती मानल्या जातात. दोन-तीन किलो वजनाचा चिवावा हाही कुत्रा आणि पन्नास किलोंहून जड असा ग्रेट डेन हाही कुत्राच. मग एकाच प्राण्याची इतकी वेगवेगळी रूपे कशी झाली? याचे उत्तर सोपे आहे. माणसाने आपल्या कामाप्रमाणे कुत्रे निवडले. ज्याला पळणारा कुत्रा हवा होता, त्याने वेगवान नर-मादीचीच पिल्ले वाढवली. ज्याला राखणदार हवा होता, त्याने धीट आणि सावध पिल्ले निवडली. असे पिढ्यान् पिढ्या चालले आणि जाती तयार झाल्या.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. कुत्र्याची जात म्हणजे केवळ त्याचा रंग आणि केस नव्हेत. जात म्हणजे त्याच्या रक्तात मुरलेले काम. लॅब्रॅडॉर हा मुळात कॅनडातील न्यू फाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचा मदतनीस. थंड पाण्यात उडी मारून तो जाळी आणि मासे ओढून आणी. डॉबरमन ही जात जर्मनीत कार्ल डॉबरमन नावाच्या गृहस्थाने तयार केली. तो करवसुलीचे काम करी, म्हणून त्याला रक्षण करणारा कुत्रा हवा होता. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो, तो जर्मन शेफर्ड मेंढपाळांचा कुत्रा. आखूड पायांचा डॅशहुंड बिळात शिरून शिकार करणारा, तर हस्की हा सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा.

काम मिळाले तर कुत्रा काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी मुंबई पोलिसांच्या पथकातील 'जंजीर' नावाच्या लॅब्रॅडॉरने केवळ वासावरून लपवलेली स्फोटके शोधून दिली. कितीतरी लोकांचे प्राण त्यामुळे वाचले. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. असा हुशार आणि ताकदीचा प्राणी दिवसभर एका खोलीत बांधून ठेवला, तर काय होईल? तो भुंकेल, वस्तू कुरतडेल, चिडका होईल. लोक म्हणतील, 'कुत्रा वाईट निघाला.' खरे पाहता कुत्रा वाईट नसतो, निवड चुकलेली असते.

आता आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसराचा विचार करू. येथे कुत्रा पाळायचा असेल, तर घरातील सर्वांनी एकत्र बसून पाच प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

पहिला प्रश्न हवेचा. आपल्याला गरम होते तेव्हा सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला असा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरचा आणि तोंडातला ओलावा वाळतो, तेव्हा त्याला गारवा मिळतो. पण आपल्याकडे खाडीमुळे हवा दमट असते. दमट हवेत दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहीत. तसाच कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावाही लवकर वाळत नाही. म्हणून मे महिन्यात त्याचे हाल होतात. ज्याच्या अंगावर दाट लोकर आहे अशा हस्कीचे किंवा सेंट बर्नार्डचे येथे काय होत असेल, याची कल्पना करा. चपट्या नाकाच्या पगला तर श्वास घेणेच अवघड जाते. त्याचे नाक आणि श्वासाचा मार्ग आखूड असल्यामुळे त्याला धापा टाकून पुरेसा गारवा मिळत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. आपल्याकडे बहुतेक घरे चाळीतली किंवा एक-दोन खोल्यांची असतात. ग्रेट डेन तेथे नीट वळूही शकणार नाही. जागा लहान असेल तर कुत्रा लहान हवा, हे खरे; पण तेवढेच पुरेसे नाही. तो शांतही हवा. आपल्याकडे 'पामेरियन' म्हणून जो पांढरा केसाळ कुत्रा ओळखला जातो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तो आकाराने लहान असतो, आपल्या हवेत टिकतो आणि घरच्या माणसांवर जीव टाकतो. पण तो फार भुंकतो. जिन्यावर पाऊल वाजले की त्याचा आवाज सुरू होतो. भिंतीला भिंत लागून शेजारी राहत असतील, तर याचाही विचार करायला हवा.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि आपल्या भागात हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून मुंबईला कामाला जाणारा माणूस घरी परततो तेव्हा रात्र झालेली असते. मुले शाळेत आणि शिकवणीला जातात. मग दहा-बारा तास कुत्र्याजवळ कोण थांबणार? त्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर फिरवून कोण आणणार? पाऊस पडत असो वा परीक्षा असो, हे काम चुकत नाही. आणि ते किती दिवसांचे? कुत्रा साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे जगतो. आज तुम्ही आठवीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही नोकरी करत असाल.

चौथा प्रश्न घरातल्या माणसांचा. घरात तान्हे मूल आहे का? आजी-आजोबांचा तोल जातो का? उड्या मारणारा तीस किलोंचा कुत्रा लाडाने अंगावर आला, तरी म्हातारे माणूस पडू शकते. लॅब्रॅडॉर मुलांशी प्रेमाने वागतो, परंतु लहान मुलाला कोणत्याही कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावू नये.

पाचवा प्रश्न खर्चाचा. पिल्लू विकत घेणे हा सर्वांत लहान खर्च होय. रोजचे अन्न, दर वर्षीच्या लसी, डॉक्टरांची फी आणि औषधे हा खरा खर्च असतो. पावसाळ्यात गोचिडांचा त्रास वाढतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसांना होतो, तसा कुत्र्यांनाही होतो. त्याचीही लस कुत्र्याला द्यावी लागते. शिवाय महानगरपालिकेकडे कुत्र्याची नोंद करून परवाना घ्यावा लागतो.

या पाच प्रश्नांपैकी एकही प्रश्न न विचारता अनेक लोक कुत्रा आणतात. कधी चित्रपट पाहून, कधी जाहिरात पाहून. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दूरदर्शन संचावर झळकला. त्यानंतर पग पाळण्याची लाटच आली. पुढे हस्की दिसू लागले. हौस फिटली किंवा दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, की असे कुत्रे रस्त्यावर सोडले जातात. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला तेथे जगण्याची युक्ती माहीत असते. घरात वाढलेल्या कुत्र्याला ती माहीत नसते. ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला, त्याला असे सोडून देणे हा विश्वासघातच होय.

मग आपल्या मातीतले कुत्रे नाहीत का? आहेत. लातूर, सोलापूर या भागांत आणि शेजारच्या कर्नाटकात एक उंच, सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा आढळतो. त्याला 'कारवानी' म्हणतात. त्याच्याच लांब केसांच्या प्रकाराला 'पश्मी' असे नाव आहे. ही दोन्ही नावे वाचून तुम्हांला नवल वाटेल. 'कारवान' म्हणजे काफिला आणि 'पश्म' म्हणजे लोकर, हे तुम्हांला उर्दूमुळे आधीच माहीत आहे. काफिल्यांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये आले, असे सांगतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीची जोपासना केली, म्हणून तिला 'मुधोळ हाउंड' असेही म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले आणि २०१६ साली भारतीय लष्कराने ही जात प्रशिक्षणासाठी निवडली. मात्र कारवानी हा मोकळ्या माळावर धावणारा कुत्रा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याला ठेवणे योग्य नाही. देशी जात आहे एवढ्याने ती प्रत्येक घराला मानवते असे नाही.

गल्लीतला साधा गावठी कुत्रा मात्र आपण विसरतो. त्याचे केस आखूड, नाक लांब आणि अंग काटक असते. आपल्या उन्हापावसाची त्याला सवय असते. तो साधे अन्न खातो आणि इतर जातींच्या मानाने कमी आजारी पडतो. पावसाळा संपल्यावर धनगर लोक मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरून कोकणात येतात. त्यांच्या वाड्याची राखण असेच काटक कुत्रे करतात. गावठी पिल्लू लहानपणी आणले, त्याला लसी दिल्या आणि प्रेमाने शिकवले, तर ते उत्तम सोबती होते. त्याला विकतही घ्यावे लागत नाही.

पिल्लू कोठूनही आणा, पण आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. शक्य असेल तर पिल्लाची आई पाहा. आई शांत आणि निरोगी असेल, तर पिल्लूही बहुधा तसेच निघते. पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्या आणि पुढे ती डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे वेळच्या वेळी देत राहा.

'आमच्या घरी कुत्रा पाळत नाहीत, मग हे सारे आम्हांला कशाला?' असे तुमच्यापैकी काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. मुस्लिम घरांत साधारणपणे कुत्र्याला घरात ठेवत नाहीत. शिकारीसाठी, गुरांच्या आणि शेताच्या राखणीसाठी मात्र तो ठेवण्याची मुभा आहे. परंतु कुत्रा न पाळणे वेगळे आणि त्याला दगड मारणे वेगळे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची हकिकत तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. उन्हाळ्यात दाराबाहेर पाण्याचे एक भांडे ठेवायला कुत्रा पाळावा लागत नाही.

शिवाय राबोडी असो, मुंब्रा असो की कल्याणचा दूधनाका असो, कुत्रा सगळीकडे भेटतोच. तो अंगावर आला तर पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव आहे. स्थिर उभे राहा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि हळूहळू मागे सरा. ज्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसेल, त्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिलेली आहे, असे समजावे. पण खाच दिसली तरी चावा झाल्यास उपचार टाळू नका.

कुत्रा चावला, किंवा त्याच्या दाताने नुसते खरचटले, तरी ती जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नका. लगेच दवाखान्यात जा. पूर्वी पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आता बंद झाली आहेत. आता लस दंडात देतात आणि सरकारी व महानगरपालिकेच्या रुग्णालयांत ती मोफत मिळते. घरचे रागावतील या भीतीने चावा लपवू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही असेच समजावे. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचवले. तेव्हापासून हा मार्ग माणसाला माहीत आहे.

सारांश, 'कोणता कुत्रा चांगला?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'आपल्या घराला, आपल्या हवेला आणि आपल्याजवळ असलेल्या वेळेला कोणता कुत्रा मानवेल?' असा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर कधी गावठी कुत्रा असेल, कधी स्पिट्झ, कधी लॅब्रॅडॉर. आणि कधी कधी 'सध्या नको' हेच सर्वांत प्रामाणिक उत्तर असेल. मुका प्राणी आपली निवड स्वतः करू शकत नाही. त्याच्या वतीने विचार आपणच करायचा असतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुत्र्याचा पूर्वज कोणता?
(आ) 'पश्मी' हे नाव कोणत्या शब्दावरून आले?
(इ) पिल्लू किती आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहिले पाहिजे?

२. कारणे लिहा.
(अ) दमट हवेत कुत्र्याला लवकर गारवा मिळत नाही.
(आ) कारवानी कुत्रा लहान घरात ठेवणे योग्य नाही.

३. कुत्रा चावल्यास काय करावे आणि काय करू नये, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. 'इमानी', 'हकिकत', 'मुभा' हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा. असे उर्दूत आणि मराठीत सारखे असणारे आणखी पाच शब्द शोधा.