पावतीवरची वेळ वाचा

नांदुरा स्टेशन मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात ते मोडते. वडनेर, निमगाव अशा गावांची मंडळी अकोल्याला, शेगावला जायला येथे येतात. पूर्वी बैलगाडी लिंबाखाली सोडली की काम झाले. लिंबाने कधी भाडे मागितले नाही. आता घरोघरी मोटारसायकल आली. कोणत्याही स्टेशनावर ती स्टँडवर ठेवायची म्हणजे पैसे पडतात.

पैसे द्यायला कोणाची ना नसते. किती द्यायचे, यावर मात्र कटकट होते. कधी त्यात लबाडी असते, कधी नुसता गैरसमज असतो. ज्याला वाचता येते, त्याला दोन्ही ओळखता येतात.

आधी हे पैसे जातात कोठे, ते पाहू. रेल्वे स्टँडचा ठेका देते. ठेकेदार ठरलेली रक्कम रेल्वेला भरतो. ती रक्कम आणि नोकरांचे पगार भागवून जे उरेल, ते त्याचे. पण दर त्याच्या मर्जीचे नसतात. ते ठेक्यात ठरलेले असतात. त्या दरांचा फलक लोकांना दिसेल असा लावायचा असतो. म्हणून गाडी लावण्यापूर्वी फलक वाचावा.

आता एक हिशेब करू. समजा, फलकावर असे दर आहेत : ६ तासांपर्यंत १० रुपये, १२ तासांपर्यंत १५ रुपये, २४ तासांपर्यंत २० रुपये. एक शेतकरी सोमवारी दुपारी ४ वाजता गाडी लावतो. भाऊ अकोल्याच्या दवाखान्यात आहे, त्याला भेटायला जातो. मंगळवारी दुपारी ३ वाजता परत येतो. स्टँडवाला म्हणतो, "सोमवारचा एक दिवस, मंगळवारचा दुसरा. ४० रुपये काढा."

हे बरोबर आहे काय? मोजून पाहा. सोमवारी ४ पासून मंगळवारी ३ पर्यंत २३ तास होतात. फलकावर तास लिहिले आहेत, वार लिहिलेले नाहीत. म्हणून २० रुपयेच द्यायचे. पण फलकावर "दर दिवशी, रात्री १२ पर्यंत" असे असेल, तर दोन दिवस धरणे बरोबर ठरेल. मग स्टँडवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

तोच शेतकरी मंगळवारी साडेचारला आला, तर? साडेचोवीस तास झाले. अर्ध्या तासासाठी पुढचा पूर्ण दर लागू शकतो. गाडी उशिरा आली, हे स्टँडचे घड्याळ जाणत नाही. हे मनाला अन्यायाचे वाटते खरे. पण फलकावर तसे लिहिले असेल, तर द्यावे लागते. रोज जाणाऱ्याने मासिक पास मिळतो का, हे विचारावे. २० रुपये रोज म्हणजे २६ दिवसांचे ५२० रुपये होतात. मजुराला ही रक्कम लहान नाही.

पावतीवर वेळ कधी १६:०० अशी छापतात. गोंधळू नका. १२ च्या पुढचा आकडा असेल, तर त्यातून १२ वजा करा. १६ मधून १२ गेले, उरले ४. म्हणजे दुपारचे चार. गाडीचा नंबर आणि वेळ बरोबर आहे का, हे तेथेच उभे राहून पाहा. पावती न घेता पैसे देऊ नका.

पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत पुष्कळदा लिहिलेले असते : "गाडी मालकाच्या जबाबदारीवर." म्हणजे गाडी चोरीला गेली तर गप्प बसायचे काय? तसे नाही. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने मोटार किल्लीसह नोकराच्या हाती दिली. ती चोरीला गेली. पावतीवर अशीच ओळ होती. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गाडी ताब्यात घेतल्यावर तिची नीट काळजी घेतली पाहिजे. त्यात हयगय झाली, तर छापील ओळीमागे लपता येत नाही. आपण स्टँडवर किल्ली देत नाही, म्हणून प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले जाईल. पण पावती हाती असेल, तरच काही बोलता येईल.

कोणी जास्त पैसे मागितले, तर हातघाईवर येऊ नका. जेवढे दिले तेवढ्याची पावती मागा. रेल्वेचे स्टँड असेल, तर स्टेशन मास्तरांना सांगा किंवा १३९ या नंबरावर फोन करा. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे. बुलढाण्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे फी लागत नाही.

दहा-वीस रुपयांसाठी एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, रक्कम लहान असली तरी ती घामाची आहे. शिवाय आज जो वीस रुपयांची पावती वाचून सही करील, तो उद्या कर्जाचा कागदही वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देणार नाही.