शर्यत संपल्यावर घोडा कुठे जातो?

रेस म्हटली की आपल्याला आठवतो जुगार, आणि चार चांगल्या घरांत त्याचं नावही काढायची सोय नसते. ते बरोबरच आहे! पण मैत्रिणींनो, त्यात बिचाऱ्या घोड्याचा काय दोष?

थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा झाला की मैदानात उतरतो. काहींचा दम हजार-बाराशे मीटरांतच संपतो. लांब पल्ल्याचा घोडा मात्र आधी मागे राहून ताकद राखतो आणि शेवटच्या वळणावर पुढे येतो. त्याची खरी परीक्षा तीन शर्यतींत: मुंबईची १६०० मीटरची गिनीज, २४०० मीटरची डर्बी आणि पुण्याच्या पावसाळी हंगामातली २८०० मीटरची सेंट लेजर. कात्रजहून स्वारगेटची जवळजवळ निम्मी वाट, अवघ्या तीनेक मिनिटांत! आणि बरं का, १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं. २०१० मध्ये पूनावालांच्या 'जॅकलिन'नंही डर्बीत भल्याभल्या घोड्यांना मागे टाकलं.

पण ही दौड चार-पाच वर्षांची. निवडक घोडे पैदाशीसाठी राहतात. बाकीच्यांचं काय? कित्येकांच्या नशिबी टांगा नाहीतर वरात आली. पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तापासून लस बनते. हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली.

घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचतात. त्याचं शरीर त्यावर उतारा तयार करतं. मग बेतानं रक्त काढून त्यातला तो उतारा वेगळा करतात. हीच सर्पदंशावरची लस. (गरोदरपणी घेतो ते धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र वेगळं, त्यात घोड्याचं काही नसतं.)

कात्रजसारख्या डोंगराकडेच्या वस्तीत हे ठाऊक हवंच. पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुणी चावलं, तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. धीर द्या, चावलेला हातपाय हलू देऊ नका आणि मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट मोठं इस्पितळ गाठा. तिथे उपयोगी पडते ती या मुक्या जनावराचीच देणगी!